मिठाच्या वखारीचं माप

लवू मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि त्या एकतीस वर्षांत चित्रकला हा एक विषय आहे ही गोष्ट मालवणातल्या एकाही माणसाच्या गळी उतरली नाही. गणिताचे मास्तर आजारी पडले की चित्रकलेच्या तासाला गणित होई. चित्रकलेचे मास्तर आजारी पडले की पोरं सुटी समजून समुद्रावर जात. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल, श्रीफळ आणि एक शिसवी फूटपट्टी दिली. दुसऱ्या दिवशी शिपाई घरी हजर. फूटपट्टी शाळेच्या दप्तरी नोंदलेली होती, नजरचुकीने देण्यात आली होती. मास्तरांनी ती परत केली. वर शालही देऊ केली, पण ती शिपायाने घेतली नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे सगळं झालं त्यात हाताशी मोजपट्टी नसणं हे पहिलं संकट होतं.

निवृत्तीनंतर माणसं देवाकडे वळतात. मास्तर इमारतींकडे वळले. तेही किल्ल्याकडे नाही. किल्ला बघायला मुंबईहून माणसं येतात, त्याला लवू मास्तरांची गरज नव्हती. ज्यांच्याकडे कोणी बघत नाही अशा इमारती त्यांना हव्या होत्या: जकातीची जुनी चौकी, बाजारातल्या दुकानांवरच्या माड्या, धर्मशाळेचा मागचा जिना. बगलेत छत्री मारून ते भर रस्त्यात थांबत आणि वर बघत. मागून येणारी माणसंही थांबून वर बघत. तिथे काहीच दिसलं नाही की मास्तरांकडे बघत आणि मान हलवून पुढे जात.

"बघूकच व्हया तर आपल्या घराचे नळे आसत," त्यांच्या पत्नी यशोदाबाई छपराच्या कौलांकडे बोट दाखवत म्हणायच्या. "तीन ठिकाणी गळतत. तेंच्याकडे बघल्यास तर पुण्य लागात."

मास्तर हे ऐकत, आणि छत्री घेऊन बाहेर पडत.

या सगळ्या इमारतींत त्यांचा जीव जडला होता तो कोळंबच्या खाडीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या मिठाच्या वखारीवर. शिरोड्याहून मीठ गलबतांनी यायचं त्या काळातली ती वखार. मीठ कधीच बंद झालं होतं. आत आता नगरपालिकेचे फुटके कंदील आणि एक शेळी असायची. पण मास्तर म्हणत, ही मालवणातली सगळ्यांत शहाणी इमारत. तिच्या भिंती जांभ्याच्या, पण खालचे तीन थर काळ्या दगडाचे, कारण मीठ जांभ्याला खातं आणि काळ्या दगडापुढे हात टेकतं. जमीन मागच्या बाजूला किंचित उतरती, ओल्या मिठाचं पाणी आपल्या पायांनी चालत दगडी पन्हळीतून बाहेर जावं म्हणून. भिंतींतले झरोके तिरके. वारा आत येई, पावसाचा थेंब येत नसे. जिने नक्षीचं एक फूलही अंगावर घेतलं नाही आणि तरी जी सुंदर दिसते अशी ही एकच इमारत, असं ते सांगत. सांगत म्हणजे थोरल्या लेकीला, सुगंधाला सांगत. बाकी कोणी ऐकायला थांबत नसे. सुगंधा बावीस वर्षांची होती, नुकतीच कन्याशाळेत शिक्षिका म्हणून लागली होती, आणि पुस्तकातून डोकं वर न काढता ऐकण्याची कला तिला साधली होती.

एकसष्ट सालच्या जानेवारीत मास्तर नगरपालिकेच्या सभेला गेले ते गल्लीतल्या दिव्याची तक्रार घेऊन. दिव्याचा विषय सातवा. पाचवा विषय निघाला: मिठाची वखार पाडून तिचे चिरे बाजारातल्या गटाराला वापरणे. सगळे हात वर गेले. मास्तर प्रेक्षकांच्या बाकावरून उभे राहिले. आपण उभे राहिलो आहोत हे त्यांना उभं राहिल्यावरच कळलं.

"ती इमारत शहाणी आहे," ते म्हणाले.

अध्यक्ष सज्जन माणूस. ते म्हणाले, "मास्तर, शहाणी म्हणजे नेमकं काय, ते लेखी द्या."

हेडक्लार्कने कपाटातून एक छापील फॉर्म काढला. जुन्या इमारतींच्या माहितीचा, चौदा रकान्यांचा. इमारत बांधणाऱ्या इसमाचे नाव, बांधणीचे साल, लांबी, रुंदी, उंची, आणि असंच बरंच. पुढच्या महिन्याच्या सभेपर्यंत फॉर्म भरून आला तर वखारीचा फेरविचार, नाही आला तर गटार.

"मापं मीटरमध्ये," हेडक्लार्क म्हणाला. "आता फूट चालत नाही."

दिव्याचा विषय मास्तर विसरूनच गेले. गल्लीत पुढची दोन वर्षं अंधार होता आणि त्याचा दोष शेजाऱ्यांनी वखारीला दिला.

शाळेकडे टेप मागितला तर शाळेने अर्ज मागितला, अर्जाला कारण हवं होतं, आणि कारण वाचून हेडमास्तर म्हणाले, "वखार? बरी आहे ना तब्येत?" तेव्हा मास्तरांनी बाजारातून मासे गरवायची सुती दोरी आणली, शिंप्याच्या टेपवरून फुटाफुटाला गाठी मारल्या आणि पहाटे खाडीवर गेले. लांबी भरली त्रेसष्ट फूट. दुपारी खात्रीसाठी पुन्हा मोजली, तर साडेएकसष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्रेसष्ट. मास्तर शिस्तीचे. त्यांनी वहीत लिहिलं, "इमारत सकाळी दीड फूट वाढते," आणि त्या वाक्याकडे बराच वेळ बघत बसले.

शेजारच्या हौसाबाई डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन त्याच वाटेने जात. सत्तरीच्या होत्या, अंगाने एवढ्याशा, गवंड्याच्या घरात जन्मलेल्या, आणि जिभेचा चिरा घडवताना बापाने कसर ठेवली नव्हती.

"मास्तरांनू," त्या म्हणाल्या, "भिंत वाढता काय दोरी आटता?"

सुती दोरी दवात भिजली की आखडते, ही गोष्ट मालवणात शेंबड्या पोरालाही माहीत. ती माहीत नसलेला एकच माणूस निघाला, आणि तो एकतीस वर्षं पोरांना भूमिती-चित्रण शिकवत होता. मास्तरांनी ते वाक्य खोडलं नाही. "दोरी भिजली होती" एवढंच खाली जोडलं. चुकीवर बोळा फिरवायचा नाही, हा त्यांचा वर्गातला नियम होता.

पण दोरीने करायचं ते नुकसान तोवर केलं होतं. कूळकायद्याचे दिवस. दोरी घेऊन फिरणारा माणूस म्हणजे सरकार, आणि सरकार मोजतं ते घेण्यासाठीच, हे लोकांना पक्कं ठाऊक. दोन दिवसांत गावभर झालं की लवू मास्तर आता मोजणीखात्यात लागले, खाडीपासून बाजारापर्यंत रस्ता निघणार आणि कोणाची पडवी जाणार ते मास्तर ठरवणार. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात सात नारळ. चौथ्या दिवशी केळ्यांचा घड, सोबत एक गृहस्थ, त्यांचं म्हणणं आपली पडवी दोन हात कमी लिहावी. पाचव्या दिवशी त्यांचाच चुलतभाऊ, त्याचं म्हणणं आपली पडवी चार हात जास्त लिहावी, कारण नुकसानभरपाई पडवीवर मिळते असं त्याने ऐकलं होतं. मास्तरांनी सगळं परत केलं. दारोदार जाऊन, नारळ मोजून परत केले. एक इसवण मासा मात्र परत करता आला नाही. तो आला तेव्हा मास्तर वखारीवर होते, आणि ते घरी पोचले तेव्हा त्याची आमटी झाली होती.

"कोणी दिला?" मास्तरांनी विचारलं.

"माका काय ठाऊक? चूल पेटलेली होती," यशोदाबाई म्हणाल्या.

मास्तर त्या दिवशी नुसत्या सोलकढीवर जेवले. ती लाच त्यांच्या पोटात गेली नाही. घरातल्या बाकीच्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली, आणि सुगंधाने पुढे कबूल केलं की तशी आमटी पुन्हा झाली नाही.

लांबी-रुंदी झाली. राहिली उंची, म्हणजे आढ्यापर्यंत चढणं आलं. इथे आडवा आला धोंडू. धोंडू त्या वाडीचा घाडी; देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्याच्या घराण्याकडे. तो म्हणाला, वखारीच्या माळ्यावर देवचार असतो. वाडीचा राखणदार. त्याला सांगितल्याशिवाय कोणी वर जायचं नाही.

"अरे, मी शिक्षक माणूस," मास्तर म्हणाले.

"म्हणानच सांगतंय. तुमका कोण वळाखता? देवचारान वळख मागितल्यान तर काय सांगशात?"

हा प्रश्न मास्तरांच्या वर्मी लागला, कारण हेडक्लार्कनेही फॉर्मवर हेच विचारलं होतं: अर्जदाराचा इमारतीशी संबंध. तो रकाना अजून कोराच होता.

देवचाराला दोन रोट, विड्या आणि दारूची बाटली लागते. राज्यात दारूबंदी होती. शाळेच्या निवृत्त शिक्षकाने बाटली पैदा करावी ती कुठून? धोंडू म्हणाला, ठिकाणं आहेत. मास्तर म्हणाले, ठिकाणं नसतात असं मी मुलांना शिकवलंय. शेवटी यशोदाबाईंनी कोकमाचं पाणी एका बाटलीत भरून दिलं. वीसपंचवीस माणसं जमली. धोंडूने नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो लवू मास्तर, चित्रां काढणारो, तुझ्या वखारीत शिरता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तेच्या हातात दोरी आसा, पन तो सरकारी नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका पगार नाय, भत्तो नाय, कोणी इचारणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार सगळ्यांत मोठा उठला. मास्तर खाली मान घालून उभे होते.

"तुका सोरो व्हयो, पन सरकारान बंद केल्यान. म्हणान मास्तरणीन कोकमाचा पाणी दिल्यान आसा, ता गोड मानून घे. आणि हो मास्तर काय पाडूक येवक नाय, ऱ्हवूक व्हयी म्हणान इलो आसा. तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तर पुढे सुगंधाला म्हणाले, "फॉर्ममध्ये संबंधाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला तिथं कळलं. धोंडूने चार ओळींत लिहिलं. माझा आठवडा गेला होता."

शिडी एका माड चढणाऱ्याची मागून आणली होती. मास्तर माळ्यावर गेले आणि माड चढणाऱ्याची कामावर जायची वेळ झाली. त्याने हाक मारली, मास्तरांनी वर काहीतरी बघून "वा!" म्हटलं, त्याने ते "ने" म्हणून घेतलं असावं. शिडी खांद्यावर टाकून तो तारकर्लीला निघून गेला. मास्तर दोन तास वर.

खाली लोक जमले आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं उडी मारा, खाली गवत टाकतो. कोणी म्हणालं गवत शेळी खाते, जाळं धरूया. कोणी म्हणालं धोतर सोडून त्याला लोंबकळा. यशोदाबाई आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "वर चढल्यातच हां, तर नळे कशे बसवतत ते तरी बघून घेवा."

वर मास्तर मात्र सुखात होते. त्या आढ्यात, त्या वाशांत त्यांना एक लोखंडी खिळा सापडला नाही. सगळ्या सांध्यांत लाकडी खुंट्या, आणि त्या इतक्या नेमक्या ठोकलेल्या की शंभर वर्षं खारा वारा पिऊनही एक हललेली नव्हती. लोखंड मिठाच्या घरात टिकत नाही हे ज्याने ओळखलं त्याला, किंवा त्यांना, मास्तरांनी तिथल्या तिथे नमस्कार केला. आणि मग आढ्याच्या खाली, काथ्याने बांधलेली एक काठी त्यांना दिसली. गुळगुळीत, बोटाएवढी जाड, दोन्ही टोकं करवतीने सरळ कापलेली. मध्ये एक खाच. मास्तरांनी ती सोडवून घेतली.

शिडी परत आली, मास्तर उतरले, आणि धोंडूच्या नजरेला काठी पडली.

"मास्तरांनू! ती देवचाराची काठी!"

लोक चार पावलं मागे सरले. देवचार रात्री हातात काठी घेऊन वाडीची राखण करतो, हे लहान मुलंही जाणून होती. आता राखणदार निःशस्त्र झाला होता आणि त्याचं शस्त्र एका चित्रकलेच्या मास्तराच्या हातात होतं. काठी तिथल्या तिथे परत ठेवा, असा गलका झाला. मास्तर म्हणत होते, एकदा मोजू द्या. मोजू नका, काठीला दोरी लावली तर वाडी बुडेल, असं लोक म्हणत होते.

तेवढ्यात हौसाबाई आल्या. वखारीच्या दाराशेजारी भिंतीतून एक दगडी फळी बाहेर आलेली होती. मास्तरांच्या हनुवटीला लागे अशा अडनिड्या उंचीवर. चित्रात त्यांनी ती तीनदा काढली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "प्रयोजन? नक्षी?" हौसाबाईंनी गुडघे किंचित वाकवले, डोक्यावरची टोपली कोणाचा हात न घेता अलगद त्या फळीवर सरकवली, आणि पदराने मान पुसली. ही टोपली तिथे रोज टेकत होती. मास्तर रोज तिथे होते. दोघांची गाठ काही पडली नव्हती.

"कसली देवचाराची काठी?" त्या म्हणाल्या. "मेल्यांनू, तो गज. घर बांधूक घेतला की जेचा घर तेच्या हाताचो गज कापतत. कोपरापासून बोटापर्यंत. सगळा घर त्या गजान मोजून उबा करतत, आणि पुरा झाला की गज आढ्याक बांधून ठेवतत. माझो बापूस तसाच करी." त्यांनी काठी मास्तरांच्या हातातून घेतली, कोपर एका टोकाला लावलं आणि हात लांब केला. मधलं बोट दुसऱ्या टोकाला येऊन थांबलं. पुढे नाही, मागे नाही.

हौसाबाई स्वतःच जरा दचकल्या. मग म्हणाल्या, "ह्यो बाप्याचो हात नाय, मास्तरांनू. बाप्याचो हात इतको बारीक नसता."

काठी भरली पंधरा इंच तीन सूत. एका इंचाचे आठ सूत, हे सुताराचं माप. मास्तर ओट्यावर बसले आणि त्यांनी गुणाकार मांडला. साडेएकसष्ट फूट, ज्यांना मीटरमध्ये बसवताना अठरा मीटरनंतर आकड्यांची शेपटी कुठे संपत नव्हती, ते निघाले बरोबर अठ्ठेचाळीस गज. रुंदी साडेवीस फूट: बरोबर सोळा गज. भिंत दहा गज. दार पाच गज. कुठे बोटभर उरलं नाही, कुठे नखभर कमी पडलं नाही. फुटांत जी इमारत तिरपागडी वाटत होती, मीटरांत जी हास्यास्पद दिसत होती, ती आपल्या स्वतःच्या मापात एखाद्या पाढ्यासारखी सरळ उभी राहिली.

"हौसाबाई," मास्तर म्हणाले, "ही वखार कोणा बाईने बांधली."

"माका काय ईचारतास? टोपली टेकूक जागा ठेवलेली दिसता मां? बाप्या ओझ्याचो इचार करता तो दुसऱ्याच्या डोक्यार ठेवूच्या वेळार."

कोणी दुसरा असता तर एवढ्यावर फॉर्म भरून मोकळा झाला असता. पण मास्तरांना वाटलं, एका काठीवर इतिहास उभा करायचा म्हणजे पुरावा हवा. बारीक हाताचा पुरुष असूच शकत नाही का? आणि त्यांनी गावातले हात मोजायचं ठरवलं. पुरुषांचे हात केशकर्तनालयात बसून मोजले; वीस झाले, सगळ्यांत लहान पावणेसतरा इंच. बायकांचे मोजायचे ठरवल्यावर गल्लीत जो हलकल्लोळ झाला तो न सांगितलेला बरा. केळीवाल्या गृहस्थांनी सांगत फिरायला सुरुवात केली की मास्तरांचं डोकं फिरलं, आधी भिंती, आता बायका. मास्तर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. शेवटी यशोदाबाई उठल्या, शिंप्याचा टेप कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "तुमी घरात बसान लिवा. मी मोजून येतंय. पन ह्या म्हयन्यात नळे बसवक व्हये." चौदा बायकांचे हात मोजून आल्या, सुगंधाचाही, ती वाचत बसली होती तिथेच. पंधरा इंच तीन सूत एकच निघाला, हौसाबाईंचा. पण बाकीचेही सगळे बायकांचे हात त्याच्या शेजारी, इंचाच्या आत. पुरुष त्या रांगेत कुठेच नव्हता.

नळे त्या महिन्यात बसले नाहीत.

सभेच्या दिवशी मास्तर इस्त्रीचं धोतर नेसून, काठी फडक्यात गुंडाळून गेले. धोंडूने काठी तेवढ्यापुरती नेऊ दिली होती, तीही स्वतः सोबत येऊन. हेडक्लार्कने फॉर्म वाचला आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इमारत बांधणाऱ्या इसमाचे नाव," तो मोठ्याने वाचू लागला. "'नाव सापडले नाही. स्त्री. उंची सुमारे पाच फूट. मिठाचा स्वभाव जाणणारी. ओझे वाहणाऱ्यांची सोय पाहणारी.' मास्तर, हे एवढं सगळं या रकान्यात बसत नाही."

"मग रकाना लहान आहे," लवू मास्तर म्हणाले.

एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला असं उत्तर दिलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांचेच कान लाल झाले.

अध्यक्षांनी काठी मागितली. बाही वर सारून कोपर टेकवलं. बोट टोकाच्या पलीकडे तीन इंच गेलं. "असं?" म्हणून शेजारच्या सभासदाने हात लावून बघितला. मग तिसऱ्याने. पाच मिनिटांत मालवण नगरपालिकेचे सगळे सभासद सदऱ्याच्या बाह्या सारून टेबलाभोवती गोळा झाले होते. एकाने मूठ मिटून माप जमवून दाखवलं, त्याला बाकीच्यांनी हरकत घेतली. हेडक्लार्कनेही, कोणी बघत नाही असं पाहून, एकदा लावून बघितला. कोणाचाच बसेना. तेव्हा मास्तरांनी दाराशी बसलेल्या हौसाबाईंना हाक मारली. त्या आल्या, टोपली अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली, कारण खोलीत दुसरी सोयीची उंची नव्हती, आणि हात लावला.

मधलं बोट बरोबर टोकाशी येऊन थांबलं.

"नाव काय असेल हो त्यांचं?" बाही खाली करत अध्यक्ष म्हणाले. पहिल्यांदाच कोणी वखारीविषयी काही विचारलं होतं.

"नाव गावूक नाय तर नाय," हौसाबाई म्हणाल्या. "हात गावलो मां? तुमका टोपलीतला काय व्हया? सुंगटां बरी आसत."

अध्यक्षांनी ती सुकी कोळंबी घेतली. ठराव झाला: वखारीचा विषय, मापांचे मीटरमध्ये अचूक रूपांतर येईपर्यंत, तहकूब. आणि पंधरा इंच तीन सुतांचं मीटरमध्ये अचूक रूपांतर काही कोणाला करता आलं नाही, किंवा करावंसं वाटलं नाही. गटाराला दुसरीकडून चिरे आले. वखार अजून उभी आहे. इमारती वाचवायची मालवणातली ती एकमेव अधिकृत पद्धत, असं मास्तर म्हणत.

काठी धोंडूने गाऱ्हाणं घालून आढ्याला परत बांधली. या वेळी बाटलीत काय होतं ते मास्तरांनी विचारलं नाही.

त्याच वर्षी मास्तरांनी सुगंधासाठी एक टेबल करायला टाकलं. ती शाळेत शिकवत होती, वह्या तपासायला चटईवर बसत होती, मान धरत होती. सुताराने माप विचारलं तेव्हा मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली: लांबी चार फूट पाऊण इंच, रुंदी दोन फूट साडेआठ इंच.

"पाऊण इंच कित्याक?" सुतार म्हणाला. "चार फूट सरळ घेवया. फळी फुकट जाता."

"फुकट नाही जात," मास्तर म्हणाले.

टेबल खिडकीखाली ठेवलं तर दार पूर्ण उघडेना. पाऊण इंच आडवा येई. यशोदाबाई त्या पाऊण इंचाला रोज शिव्या देत. मास्तरांनी शेवटी दाराची चौकट तासून घेतली, टेबलाला हात लावू दिला नाही.

मास्तर गेले त्याच्या चौदाव्या दिवशी सुगंधा त्यांच्या वह्या आवरत होती. वखारीच्या वहीत "इमारत सकाळी दीड फूट वाढते" हे वाक्य तसंच होतं. ते वाचून ती हसली. त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. शेवटच्या पानावर चौदा बायकांचे हात होते, मास्तरांच्या अक्षरात, ओळीने. हौसाबाई, पंधरा इंच तीन सूत. यशोदा, सोळा. आणि सगळ्यांत खाली: सुगंधा, सव्वासोळा. डावा हात. उजव्यात पुस्तक होते.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग वही मिटली, टेबलावरच्या सगळ्या वह्या, दौत, पुस्तकं खाली उतरवली, डावं कोपर टेबलाच्या एका कडेला टेकवलं आणि हात लांब केला. जिथे बोट थांबलं तिथे उजव्या हाताचं बोट ठेवून कोपर पुढे सरकवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी मधलं बोट पलीकडच्या कडेशी येऊन बरोबर थांबलं. मग तिने रुंदी मोजली. दोन.

पाऊण इंच कमी असता तर बोट बाहेर लोंबलं असतं.